पाणवठा आणि गावकी

'गाव करी ते राव न करी' ही म्हण मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जे काम सत्तेच्या जोरावर होत नाही ते गावाच्या एकजुटीने होते, हा तिचा आशय. देवळाचा जीर्णोद्धार, जत्रेची व्यवस्था, पांदीची दुरुस्ती अशा अनेक कामांत तिचा प्रत्यय येतो. परंतु गावाच्या पिण्याच्या पाण्याइतका तो दुसऱ्या कशातही येत नसेल. शहराला पाणी पुरवावयाचे तर धरण, जलवाहिन्या, शुद्धीकरणाची केंद्रे आणि पगारी नोकरवर्ग असा मोठा संसार उभा करता येतो. डोंगराच्या कुशीतील पंचवीस घरांच्या वाडीला किंवा वाळवंटातील एकाकी ढाणीला तो परवडणारा नसतो. तेथे पाणी लोकांनीच शोधावयाचे, लोकांनीच राखावयाचे आणि आटले तर लोकांनीच त्याची वाट पाहावयाची, अशी स्थिती शतकानुशतके होती. म्हणूनच आपल्या देशातील दूरच्या खेड्यांच्या पाण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी गावकीचा इतिहास आहे.

तथापि म्हणीतला 'गाव' हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. गाव म्हणजे गावात राहणारी झाडून सारी माणसे, की गावकीच्या बैठकीत ज्यांना जागा आहे तेवढीच? पाणवठा राखण्याची कला आपल्या खेड्यांना फार पूर्वीच साधली होती. पाणवठा सर्वांचा मानण्याची गोष्ट मात्र त्यांना फार उशिरा आणि फार कष्टाने शिकावी लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे गेल्या हजार-अकराशे वर्षांच्या हकीकतीवरून पाहण्यासारखे आहे.

तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीतील, सुमारे इ. स. ९१९ व ९२१ या सालांचे दोन लेख कोरलेले आहेत. त्यांची प्रसिद्धी राजाच्या पराक्रमामुळे झालेली नाही. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे तपशीलवार नियम त्यांत आहेत, म्हणून अभ्यासकांना त्यांचे मोल वाटते. गावाचे तीस भाग पाडलेले होते. प्रत्येक भागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून ती मडक्यात घालावयाची, भर सभेत ते मडके हालवावयाचे आणि अजाण मुलाच्या हातून चिठ्ठी काढवून घ्यावयाची, अशी रीत होती. वार्षिक समिती, बागांची समिती, सोन्याची समिती यांच्या बरोबरीने एक 'एरि वारियम' म्हणजे तळ्याची समिती असे. तिचे सभासद सहा आणि मुदत तीनशे साठ दिवसांची. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो स्वतः आणि त्याचे जवळचे नातलगही पुन्हा निवडीस अपात्र ठरत. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत इतका कडक नियम आजच्या संस्थांनाही हेवा वाटावा असा आहे.

दक्षिणेतील हे तळे, म्हणजे एरि, मुख्यतः शेतीसाठी असे हे खरे. परंतु त्याच्या झिरप्यावर भोवतालच्या विहिरींचे पाणी टिकत असल्यामुळे तळे गाळाने भरले की गावाच्या पिण्याच्या पाण्यावरही संक्रांत येई. तमिळ प्रदेशातील शिलालेखांत तळ्यातील गाळ काढणाऱ्या होड्यांच्या खर्चासाठी दिलेल्या देणग्यांचे उल्लेख येतात ते उगाच नव्हे. तळे बांधणे ही एका वेळची गोष्ट, आणि ते राखणे ही दर वर्षाची गोष्ट, हा भेद त्या काळच्या लोकांना चांगला उमगला होता.

आता त्याच लेखाची दुसरी बाजू पाहावी. मडक्यात ज्याचे नाव घालावयाचे तो पस्तीस ते सत्तर वर्षे वयाचा असावा, त्याच्याजवळ कर भरणारी ठरावीक जमीन असावी, स्वतःच्या जागेवर बांधलेले घर असावे आणि त्याला वेदविद्येचे ज्ञान असावे, अशा अटी तेथे घातलेल्या आहेत. हे गाव ब्राह्मणांना दान दिलेले होते आणि सभाही त्यांचीच होती. तळ्यात उतरून गाळाची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या मजुराचे नाव त्या मडक्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. तळे गावाचे होते, पण त्याविषयी बोलण्याचा अधिकार गावातल्या थोड्यांचाच होता.

पिण्याच्या पाण्याच्या स्वच्छतेविषयी जुन्या लोकांची दृष्टी किती सूक्ष्म होती हे पाहावयाचे असेल तर पश्चिम राजस्थानच्या वाळवंटाकडे वळावे लागते. बिकानेर, चुरू, जैसलमेर या भागांत पावसाचे थेंब जमिनीवर पडतात न पडतात तोच वाळूत जिरतात आणि खोलवरचे भूजल पुष्कळ ठिकाणी खारे निघते. म्हणून तेथील लोकांनी कुंड आणि टाके बांधण्याची विद्या सिद्ध केली. मध्यभागी उतरत जाणारे बशीसारखे गोल अंगण चोपून तयार करावयाचे. त्याला 'आगोर' म्हणतात. त्यावर पडलेला पाऊस मधल्या झाकलेल्या कुंडात उतरतो आणि वर्षभर पुरवून वापरला जातो. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून स्वच्छ करावयाचे, तेथे पादत्राणे घालून जावयाचे नाही, गुरे जाऊ द्यावयाची नाहीत, घाण करावयाची नाही, हे निर्बंध लहान मुलांनाही ठाऊक असत. रोगजंतूंचे शास्त्र जन्मास येण्यापूर्वी शुचित्वाच्या कल्पनेने येथे आरोग्यखात्याचे काम केले. कुमाऊँच्या डोंगरांतील 'नौला' ही अशीच एक सुंदर रचना आहे. झऱ्याच्या तोंडाशी दगडी पायऱ्यांचे लहानसे कुंड आणि त्यावर देवळासारखे छप्पर असे तिचे रूप. पाण्याच्या ठिकाणी देवत्व कल्पिल्यामुळे भोवतालची झाडे तोडण्यास कोणी सहसा धजत नसे, आणि झाडे राहिली म्हणून झराही राही.

महाराष्ट्रातील खेड्यांत आड, विहीर, बारव, टाके आणि नदीचा पाणवठा ही पाण्याची ठिकाणे. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की वाळूत झरा उकरून वाटीवाटीने घागर भरावयाची. बारा बलुत्यांत कोळ्याकडे पाणी भरण्याचे काम असे. वाहत्या नदीवर वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली धुण्याचे, त्याच्याही खाली गुरांचे, असा क्रम लावलेला असे. व्यवस्था म्हणून तो योग्यच होता. पण या क्रमात माणसांचीही प्रतवारी होती. ज्यांना अस्पृश्य मानले त्यांचा पाणवठा प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरच्या सर्वांनी वापरून सोडलेल्या पाण्यावर असे. जेथे वाहती नदी नव्हती तेथे गावविहिरीपासून दूर उभे राहून, कोणी स्पृश्य माणूस येऊन मडक्यात वरून पाणी ओतील याची वाट पाहात तासन्‌तास काढावे लागत. पाणी शुद्ध ठेवण्याच्या ज्या कल्पनेने आगोर निर्मळ ठेवले, त्याच कल्पनेच्या विकृत रूपाने माणसाला पाण्यापासून तोडले.

इंग्रजी अमलात या जुन्या व्यवस्थेला दोन्हींकडून धक्के बसले. महसुलाची घडी बदलली. तळ्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवलेल्या उत्पन्नाचे वाटे व इनामे पूर्वीसारखी राहिली नाहीत. आणि सार्वजनिक बांधकाम खाते नावाचा एक नवा धनी पाण्यावर आला. तमिळ प्रदेशात गावकऱ्यांनी मिळून तळी, पाट व बांध दुरुस्त करण्याच्या प्रथेला 'कुडिमरामत' म्हणत. ती इतकी ढिली पडली की १८५८ साली मद्रास इलाख्यात सक्तीच्या मजुरीचा कायदा करून ती टिकवण्याचा यत्न सरकारला करावा लागला. जे काम रूढीने होत होते ते कायद्याच्या बडग्याने करून घेण्याची पाळी आली, याबद्दल पुष्कळ इतिहासकारांनी हळहळ व्यक्त केली आहे. ती अगदीच अस्थानी नव्हे. मात्र जुनी प्रथा ही सर्वांच्या राजीखुशीची होती असे समजण्याचेही कारण नाही. वर्षानुवर्षे गाळ उपसण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्या मालकीची शेती तळ्याखाली क्वचितच असे. ज्याला लाभ नाही त्याच्याकडून श्रमाची अपेक्षा करणारी व्यवस्था वरचा दाब सैल होताच कोसळावी, यात नवल नाही.

पाण्यावरच्या अधिकाराचा हा प्रश्न उघडपणे मांडण्याचे काम महाराष्ट्रात झाले. १८६८ साली महात्मा फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर गुरांनाही मज्जाव नव्हता, तेथे माणसांना मात्र होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेले हजारो स्त्रीपुरुष शांतपणे तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. तळ्यावरून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. एका ओंजळीचा न्याय पदरी पडण्यास दहा वर्षे लागली.

महाडच्या तळ्यावर जे घडले ते एका शहरवजा गावातले असले तरी त्याचा अर्थ हिंदुस्थानातल्या प्रत्येक खेड्याला लागू होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने हा अर्थ देशाच्या मूलभूत कायद्यात लिहून ठेवला. सरकारी निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. 'गाव म्हणजे कोण?' या प्रश्नाचे उत्तर कायद्यापुरते मिळाले. व्यवहारात ते उतरण्यास विहिरीचे आणि पंपाचे राजकारण आडवे येणार होते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि १९५४ साली राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतील जुन्या विहिरींना कठडे बांधणे, नव्या विहिरी खणणे अशी कामे ठिकठिकाणी झाली. परंतु दख्खनच्या कठीण खडकात हाताने विहीर खणून पाणी लागेलच याची शाश्वती नसे. १९६६-६७ च्या बिहारमधील आणि १९७२ च्या महाराष्ट्रातील भीषण अवर्षणांनी हे फार कठोरपणे दाखवून दिले. दाबाच्या हवेने चालणारी, खडक फोडणारी छिद्रणयंत्रे याच सुमारास देशात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि खेडोपाडी कूपनलिका होऊन त्यांवर हातपंप बसू लागले. लोकांनी त्याला 'हापसा' हे नाव दिले.

हापसा आला, परंतु तो टिकेना. त्या काळचे ओतीव लोखंडाचे पंप पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेल्या नमुन्यांवरून घडवलेले होते. आपल्या खेड्यात त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो घागरी भरल्या जात. दांडे मोडत, खिळी झिजत, आणि एकदा बंद पडलेला पंप महिनोन्‌महिने तसाच राही. मग बाया पुन्हा जुन्या डबक्याची वाट धरीत. या अडचणीवर तोड निघाली ती महाराष्ट्रातच. जालना येथे मिशनच्या पाणीपुरवठा कामातून एक पोलादी पंप घडवला गेला आणि सोलापुरात त्याची आणखी सुधारणा झाली. 'सोलापूर पंप' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. दांड्याला एकच आस, तो फिरण्यासाठी बंदिस्त बेअरिंग आणि दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळईला जोडलेली साखळी, ही त्याची वैशिष्ट्ये. १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतीय अभियंत्यांनी याच नमुन्याला प्रमाणबद्ध रूप दिले, कोइमतूरच्या परिसरात त्याची कसून परीक्षा घेतली, आणि 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. पुढे तो देशभर लाखोंच्या संख्येने बसला आणि आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला.

उत्तम यंत्र मिळाले तरी ते दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरलाच. तमिळनाडूने प्रत्येक पंपासाठी गावात एक राखणदार, गटासाठी एक कारागीर आणि जिल्ह्यासाठी एक फिरते पथक अशी तिहेरी योजना केली. पंप बिघडला की राखणदाराने पत्र टाकावयाचे आणि पथकाची वाट पाहावयाची. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या समाजकार्य व संशोधन केंद्राने निराळी दिशा दाखवली. खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या तरुणालाच अवजारे देऊन 'हातपंप मिस्त्री' करावयाचे, म्हणजे दुरुस्तीसाठी शहराकडे डोळे लावून बसावे लागणार नाही, हा त्यातला विचार. अभियंत्यांना प्रथम तो पटला नाही. पुढे राजस्थान सरकारनेही त्याचा अंगीकार केला.

याच मार्गावरचे एक पाऊल उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात, माणिकपूरच्या बाजूला १९९० च्या सुमारास पडले. 'महिला समाख्या' या शासकीय शिक्षणकार्यक्रमात तेथील दलित आणि कोल आदिवासी स्त्रियांना हातपंपाच्या दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. पाणी भरण्याचे कष्ट बाईचे आणि पाण्याच्या यंत्राचे ज्ञान पुरुषाचे, ही जुनी वाटणी येथे मोडली. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई त्यांच्याच हातांनी पंपाचे नळ वर काढून, वातड्या बदलून, पुन्हा पाणी वाहते केले. ते पाणी साऱ्या गावाने प्यायले. महाडच्या तळ्यावर अधिकार मागितला गेला होता. माणिकपुरात कौशल्य हाती आले होते. त्या स्त्रियांना वाचण्यालिहिण्याचीही गोडी लागली आणि त्या भागात ग्रामीण स्त्रियांनी चालवलेल्या पत्रकारितेचा उगम या चळवळीच्या परिसरातूनच झाला.

स्वच्छ पाण्याच्या बाबतीत सारे गाव एक धरल्याशिवाय गत्यंतर नाही, हे सर्वांत निर्णायकपणे शिकवले ते नारूच्या रोगाने. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश या राज्यांतील कित्येक खेड्यांत हा रोग ठाण मांडून बसला होता. रोग्याच्या पायावर फोड येतो, तो फुटून त्यातून दोऱ्यासारखा लांब जंत दिवसेंदिवस बाहेर पडत राहतो. आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी जंताच्या असंख्य अळ्या पाण्यात सुटतात. पाण्यातील सूक्ष्म कीटक त्या गिळतात; ते पाणी जो पितो त्याच्या अंगात सुमारे वर्षभराने नवा जंत तयार होतो. पायऱ्यांनी खाली उतरून पाणी भरावयाच्या ज्या बारवा आपल्या शिल्पकलेचे भूषण, त्याच या रोगाचे आगर ठरल्या होत्या, कारण तेथे पाय आणि पाणी यांची रोज गाठ पडे.

नारूवर ना लस होती, ना गुणकारी औषध. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात सुमारे चाळीस हजार रोगी आढळले. उपाय साधेच होते. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून पोहऱ्याने पाणी शेंदण्याची सोय करावयाची, हातपंप बसवावयाचे, कीटकनाशक टाकावयाचे, रोग्याला पाण्यात उतरू द्यावयाचे नाही, आणि घरोघरी पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावयाचे. पण हे उपाय गावातल्या एकूण एक घराने केले तरच उपयोग. एका वस्तीला निराळी ठेवून दुसरी वस्ती सुरक्षित राहील, हा हिशेब नारूने चुकता करून टाकला. खालच्या वस्तीतल्या एका माणसाचा पाय पाण्यात पडला, तर वरच्या आळीतल्या घरातही पुढच्या वर्षी रोगी निघे. गावोगावच्या आरोग्यसेवकांनी, शिक्षकांनी आणि विशेषतः पाणी भरणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट घरोघरी पोचवली. देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ च्या जुलै महिन्यात राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. देवीनंतर देशातून इतका समूळ गेलेला हा पहिलाच मोठा रोग. त्याच्या निर्मूलनाला यंत्रापेक्षा गाळण्याच्या फडक्याने आणि शेजाऱ्याच्या शब्दाने अधिक हातभार लावला.

रोगाने जे भीतीपोटी शिकवले ते नियम म्हणून कोणी स्वीकारले आहे काय, असे विचारले तर ओडिशातील गंजाम जिल्ह्याकडे बोट दाखवता येते. १९७१ च्या चक्रीवादळानंतर मदतकार्यासाठी मद्रासहून ओडिशात गेलेल्या तरुण स्वयंसेवकांपैकी जो मडियथ व त्यांचे काही सहकारी तेथेच राहिले आणि १९७९ साली त्यांनी 'ग्रामविकास' ही संस्था स्थापन केली. आदिवासी व दलित खेड्यांतील आजारांचे मूळ दूषित पाण्यात आहे, हे ध्यानात आल्यावर १९९२ पासून संस्थेने पाणी व स्वच्छतेचा एक कार्यक्रम हाती घेतला. त्याची अट एकच आणि मोठी विलक्षण होती. गावातले प्रत्येक घर सामील झाले तरच काम सुरू व्हावयाचे. एक घर बाहेर राहिले तरी नाही.

प्रत्येक घरामागे सरासरी एक हजार रुपये जमवून गावाने एक कायम निधी उभारावयाचा. सधनाने अधिक द्यावे, निर्धनाने कमी. मग प्रत्येक घराला शौचालय, न्हाणी आणि तीन नळ: एक शौचालयात, एक न्हाणीत, एक स्वयंपाकघरात. दगड, वाळू, विटा आणि श्रम गावाचे. बाहेरून येणाऱ्या सामानाचा व कारागिरीचा भार संस्थेने शासकीय व अन्य साहाय्यातून उचलावयाचा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी शक्य तेथे उतारानेच खाली आणावयाचे, म्हणजे विजेचे बिल नको. सर्व घरांची शौचालये बांधून झाल्यावरच नळ सोडावयाचा. समितीत पुरुष जितके तितक्याच स्त्रिया.

या अटीमुळे कित्येक गावांत काम महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे अडून राही. एका बाजूच्या सवर्ण आळीला दलित वस्तीच्या टाकीतून येणारे पाणी नको असे. दुसऱ्या बाजूला, आजवर कोणी विचारले नाही तर आता पैसे का द्यावेत, असा दलित वस्तीचा सवाल असे. दोन्ही आक्षेपांना इतिहासाचा आधार होता. पण एक घर अडले की साऱ्यांचे नळ अडतात, हे दिसू लागल्यावर गावकरीच एकमेकांच्या दारी जाऊन मन वळवू लागले. गावकीच्या इतिहासात असे क्वचितच घडले होते, की गावातल्या सर्वांत दुबळ्या घराच्या होकाराची गरज सर्वांत सबळ घराला भासावी. या योजनेतील आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. कायम निधी खर्चावयाचा नाही. त्याच्या व्याजातून पुढे गावात नव्याने थाटल्या जाणाऱ्या घरांना तशीच सोय करून देण्यास मदत करावयाची. म्हणजे जो संसार अजून मांडलाच गेलेला नाही, त्यालाही गावात धरलेले आहे.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या कक्षेतील विषयांच्या यादीत आणला. १९९६ मध्ये उत्तर प्रदेशात सुरू झालेल्या 'स्वजल' प्रकल्पात आणि २००२ च्या 'स्वजलधारा' योजनेत खर्चाचा दहावा हिस्सा व देखभालीची जबाबदारी गावाने उचलावी, असे तत्त्व ठरले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे तीन कोटी तेवीस लाख घरांत नळ होता. २०२५ च्या आरंभी ही संख्या पंधरा कोटींवर गेली. प्रत्येक गावात पाणी समिती असावी, तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, आणि पाण्याची तपासणी करण्यासाठी गावातल्याच पाच स्त्रियांना शिकवून तयार करावे, असे या योजनेत सांगितले आहे. उत्तरमेरूरच्या सहा सभासदांच्या समितीपासून येथवरचा पल्ला लहान नव्हे.

तपासणीवर दिलेला हा भर योग्यच आहे. पूर्वी पाणी गढूळ आहे की निवळ आहे हे डोळ्यांना कळे. कूपनलिका खोल गेल्या तसे काही प्रदेशांत फ्लोराइड, तर गंगेच्या खोऱ्यात आर्सेनिक पाण्याबरोबर वर आले. ही विषे दिसत नाहीत आणि चवीलाही कळत नाहीत. फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. तुरटी व चुना वापरून ते काढून टाकण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली; ती घरातल्या बादलीतही करता येण्याइतकी सोपी आहे. पण रोज न चुकता ती करणारे हात हवेत. पूर्वीच्या गावकीचे काम वर्षातून एकदा गाळ काढून भागत असे. आजच्या पाणी समितीला मीटर, गाळणी, औषधाची मात्रा आणि पाणीपट्टीची वही रोज सांभाळावी लागते.

नळांची मोजणी करणे सोपे असते. समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हिशेब चावडीवर वाचला जातो की नाही, पाणीपट्टी न भरणाऱ्या बड्या घराला कोणी विचारतो की नाही, या गोष्टी आकड्यांत दिसत नाहीत. त्या पाहावयाच्या असतील तर जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला जावे. बहुधा तेथेच गावातली सर्वांत गरीब वस्ती असते, आणि दाब कमी पडला की पहिल्याने तेथलाच नळ कोरडा पडतो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ज्यांचा पाणवठा होता, त्यांचीच घरे आज नळाच्या शेपटाला येतात, हा योगायोग नव्हे. वरच्या आळीने आपली तोटी वेळेवर बंद केली, तर तेथवर पाणी पोचते. कोणत्याही अभियंत्याला हे काम गावाच्या वतीने करता येणार नाही. ते गावालाच करावे लागेल, आणि त्या वेळी गाव या शब्दात शेवटच्या टोकाचे घरही धरलेले असावे लागेल.